बाजू दोन, शेवटचा धवला

१० फेब्रुवारी

काल चर्चमध्ये माझ्या नवऱ्याचा, सॅन्टनचा, महिन्याचा मिस्सा झाला. मंडळी बरीच होती. फादर म्हणाले, आपल्या नंदाखालचा आवाज जगभर नेणारा माणूस गेला. सॅन्टन आवाज नेत नसत. रेकॉर्ड पाठवत, त्याही पोस्टाने. मी दुरुस्ती केली नाही.

जेवणानंतर माझी जाऊ रिटा मागे थांबली. ती शेजारच्याच घरात राहते. म्हणाली, "प्रिस्का, तू अजून एकदाही रडली नाहीस. डॉक्टरला दाखवू या का?"

"रडायचं औषध निघालंय का?" मी विचारलं.

मग तिने उरलेलं जेवण डब्यात भरलं आणि म्हणाली, "फ्रीजमध्ये ठेव."

"फ्रीज बंद आहे."

"बिघडला?"

"नाही. बंद आहे."

ती डबा घेऊन गेली. एका माणसाला फ्रीज लागत नाही. मासळी रोज ताजी दारावर येते.

शाळेत होते तोवर रोज लॉगबुक लिहिलं. निवृत्तीनंतर सोडलं. आता पुन्हा लिहिते, कारण कामं आहेत आणि लिहिलं नाही तर राहून जातात. पहिलं काम: सॅन्टनची अर्धवट रेकॉर्ड.

१३ फेब्रुवारी

शर्ली आली. ही सॅन्टनच्या थोरल्या भावाची मुलगी. अंधेरीत मालिकांच्या डबिंगच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रणाचं काम करते. तिला सगळं दाखवलं.

पुढे गोंधळ नको म्हणून इथेही लिहून ठेवते. सॅन्टनचं माणिकपूरला रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान बंद केल्यावर त्यांनी घरातच ‘केळबन’ नावाची रेकॉर्ड कंपनी काढली. कंपनी म्हणजे ते. दोन माइक, एक टेपचं यंत्र आणि सासऱ्यांच्या काळची सुकेळ्यांची खोली. वाडीतली केळी सुकवून, पानात बांधून त्या खोलीत रचत. लाकडी तख्तपोशी, लाकडी भिंती, वर कौलं. सॅन्टन म्हणत, अशी खोली पैसे देऊन बांधता येत नाही. गाणारा मधे बसणार, एका दमात गाणार, नंतर कात्री लावायची नाही. चुकलं तर पहिल्यापासून. अशा बावीस रेकॉर्ड झाल्या. सारंगी, वीणा, आमच्या चर्चच्या म्हाताऱ्यांचा बँड. जर्मनीत आणि जपानात लोक महागडे स्पीकर घेताना ह्या रेकॉर्ड लावून पारखतात म्हणे. मासिकांत फार चांगलं छापून आलं. मी म्हणत असे, लोक तुमचं गाणं ऐकत नाहीत, स्वतःचे स्पीकर ऐकतात. ते हसत.

माझं काम गप्प करण्याचं. रेकॉर्डिंगच्या दिवशी फ्रीज बंद, पंखे बंद, घड्याळ गोठ्यात. रिटाचा पंप आणि मिक्सर बंद. कोंबड्या टोपलीखाली. गाणाऱ्याच्या बांगड्या ताटलीत. अख्ख्या शाळेला गप्प केलेल्या बाईला हे जड नाही. सगळं झालं की सॅन्टन मला खोलीत डावीकडे, खिडकीजवळच्या खुर्चीत बसवत. स्वतः उजव्या कोपऱ्यात यंत्रापाशी. मग ‘शांतता’ म्हणत आणि मिनिटभर नुसती रिकामी खोली टेपवर घेत. त्यातला तुकडा रेकॉर्डवर प्रत्येक गाण्याच्या आधी असतो. गाण्याच्या आधी काहीच नाही, आणि त्याचे पैसे घ्यायचे.

मला का बसवत? मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "माणूस बसलं की खोली घुमत नाही." म्हणजे पडदा. घरात पडदे होते.

शर्लीने नऊ जानेवारीची टेप ऐकली. सात गाणी आहेत. खाडीकडच्या कृष्णाबाई धवलारीण आहेत. तिकडे लग्न लावताना धवले नावाची गाणी म्हणतात, ती ह्यांच्या तोंडून. आठवं राहिलं, कारण संध्याकाळ झाली आणि पाखरं ओरडायला लागली. कृष्णाबाई गेल्यावर सॅन्टननी टेपवर तारीख लिहिली, ओटीवर येऊन बसले. मी चहा आणला तेव्हा ते गेलेले होते.

टेपच्या सुरुवातीला सॅन्टनचा आवाज आहे. मी स्वयंपाकघरात होते. मला कान नाही, ऐकून काय करणार. शर्ली बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. त्या खोलीत झाडू नीट मारला पाहिजे.

१५ फेब्रुवारी

केळीचे चार घड उतरवले. बाकी काही नाही.

१७ फेब्रुवारी

ओसाकाच्या मोरितांची ई-मेल. त्यांचं रेकॉर्डचं छोटं दुकान आहे. केळबनच्या रेकॉर्ड छापून घेण्याचं काम तेच पाहतात. मार्चअखेर कारखान्यात पाळी लागली आहे. ती गेली तर पुढची केव्हा, सांगता येत नाही. सात गाण्यांची रेकॉर्ड काढायची का, हेही विचारलं आहे. मी ‘हो’ लिहायला बसले होते.

तेवढ्यात अंगणात रिक्षा थांबली. कृष्णाबाई उतरल्या. ऐंशीच्या पुढच्या, काठी टेकत आल्या आणि पायरीवरूनच सुरू झाल्या.

"काय गो बाय! तुझ्या दादल्यानं माझं लगीन अर्धं ठेवलं."

"कुणाचं लग्न?"

"सात धवले बोलले मी. मांडव घातला, हळद लावली, पोरगी सासरी धाडली. मांडव कोन उतरवनार? मांडव उतरवल्याबिगर लगीन संपत नाय. झोप नाय लागत माना."

"कृष्णाबाई, ते खरं लग्न नव्हतं. रेकॉर्डिंग होतं."

"ह्ये देवांना तू सांगशील? नावं घेऊन बोलावलंय त्यांना. अजून तुझ्या खोलीत बसलेत. कोनी पानी पन नाय विचारलं असंल."

ते खरं होतं. शर्ली आली तो दिवस सोडला तर खोलीचं दार महिनाभर बंदच होतं.

मी त्यांना चहा दिला. त्या म्हणाल्या, तो शेवटचा धवला घे आणि मला मोकळं कर. आठव्या गाण्याशिवाय रेकॉर्ड निघाली तर सात गाणीसुद्धा लावू नका, ते बरं नव्हं. मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "पन तू आत बसायची नाय. काळं नेसून मांडवात बसत नाय कोनी. तुझा दोष नाय गो. रीत हाय."

"मी बसणार नव्हतेच. ते बसवत म्हणून बसत होते."

आमच्याकडे वर्षभर काळं नेसतात. मीही नेसणार आहे. रीत दोन्हीकडची असते.

मोरितांना लिहिलं: आठ गाणी होतील.

२१ फेब्रुवारी

झालं. सकाळीच सगळं बंद केलं. रिटा म्हणाली, "माणूस गेला तरी तुमचं हे सोवळं संपलं नाही का? माझ्या टाकीत थेंब नाही."

"तासभर बादलीने घे."

"तू शाळेत होतीस ते बरं होतं. गावाला तरी सुख होतं."

पंप बंद केला मात्र.

शर्ली सॅन्टनच्या कोपऱ्यात यंत्रापाशी बसली. मी स्वयंपाकघरात. दारातून काही ऐकू येत नव्हतं, हेच चांगलं. एकदाच म्हटलं, एका दमात. कृष्णाबाई बाहेर आल्या, दोन पेले पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "गेले देव. आता झोपीन."

शर्लीने तिच्या कॉम्प्युटरवरून नक्कल ओसाकाला पाठवली. काम वेळेत झालं.

खुर्ची रिकामी राहिली, तिच्यावर शर्लीने बॅग ठेवली होती. बॅग काढून ठेवली.

२ मार्च

मोरितांचं पत्र आलं. त्यांचं इंग्रजी माझ्या नववीच्या मुलींपेक्षा बरं आहे. थोडक्यात असं:

गाणं उत्तम आहे. रेकॉर्ड ते आहे तशी छापतील. पण दुकानात शनिवारी काही जुनी गिऱ्हाइकं एकत्र बसून ऐकतात, त्यांना आणि मोरितांना एक गोष्ट विचारायची आहे. आधीच्या बावीसही रेकॉर्डमध्ये गाण्याच्या आधीच्या शांततेत दोन माणसं असतात. उजवीकडे सॅन्टनसान. डावीकडे, खिडकीच्या बाजूला, आणखी एक. श्वासावरून बाई असाव्यात. दुकानात त्यांना ‘खिडकीजवळच्या बाई’ म्हणतात. नवा स्पीकर आला की पहिल्यांदा हेच बघतात, बाई नीट ऐकू येतात का. सात गाण्यांत त्या आहेत. आठव्यात सॅन्टनसान नाहीत, ते आम्हाला ठाऊक आहे. पण बाईही नाहीत.

त्या बऱ्या आहेत ना?

मी उत्तर लिहिलं: बरी आहे. आभार. प्रिस्का.

नंतर लक्षात आलं, ‘बऱ्या आहेत’ लिहायला हवं होतं. आता त्यांना कळलं, बाई कोण ते.

३ मार्च

शर्लीला पत्र दाखवलं. ती हेडफोन लावून जुन्या टेपा ऐकत बसली. एक, दोन, पाच. मी दारात उभी.

"काकी, सिरियसली आहे हो. तुम्ही आहात. आणि तुमचं नाक वाजतं थोडंसं."

"माझं नाक वाजत नाही."

"बावीस रेकॉर्डवर वाजतंय. लोक डॉलर देऊन ऐकतायत."

म्हटलं, मग हे काढून का टाकलं नाही? ती म्हणाली, काढायला पाच मिनिटं लागली नसती. नाहीतर तुम्हाला सरळ बाहेर बसवायचं. मी म्हटलं, खोली घुमू नये म्हणून आत बसवत.

"काकी, ह्या खोलीला एका माणसाने काही फरक पडत नाही. मी मोजून सांगते हवं तर."

मी मोजायला सांगितलं नाही.

एकदा पाल चुकचुकली म्हणून सॅन्टननी सारंगीचं अख्खं गाणं फेकून दिलं होतं. बिचारा सारंगीवाला लातूरहून आला होता. आणि माझं नाक चाललं? त्यांचे कान शेवटी शेवटी कमी झाले असणार. वय झालं की होतं. पण पहिली रेकॉर्ड केली तेव्हा ते पन्नाशीत होते.

शर्ली म्हणते, आठवं गाणं दुसऱ्या घरात गायल्यासारखं वाटतं. आधी कळलं नव्हतं, आता कळल्यावर तेच ऐकू येतं. "काका असते तर पहिल्यापासून घेतलं असतं. एक रेकॉर्ड, एक खोली." ते बरोबर आहे. तो त्यांचा नियम होता. नियम सोयीप्रमाणे बदलत नाहीत.

म्हणजे मला आत बसावं लागेल. म्हणजे काळं उतरवावं लागेल.

६ मार्च

काल राखेचा बुधवार, उपवासकाळाची सुरुवात. कपाळावर राख घेऊन आले आणि तशीच कृष्णाबाईंना फोन केला.

त्या म्हणाल्या, "उतरवलेला मांडव परत कसा उतरवू? खुळी का काय! आधी घालावा लागंल. पयला धवला बोलीन, देवांना बोलावीन, मग उतरवीन. पयला तुझ्या टेपवर नाय घ्यायचा. तो देवांचा."

"चालेल."

"आनि तू काळ्यात नाय बसायची."

"नाही बसणार. दुसरं नेसेन."

त्यांनी फोनवरच खोकून घेतलं. मग म्हणाल्या, "एका दिसापुरतं उतरवलं तरी उतरवलंच ते, बाय. परत चढवता येत नाय. बघ."

मी म्हटलं, बघितलं.

रिटाला आधीच सांगणं बरं, म्हणून तिच्या ओटीवर गेले. तिने हातातला नारळ खाली ठेवला.

"दोन महिनेसुद्धा पुरते झाले नाहीत. त्यात उपवासकाळ. त्यात लग्नाची गाणी. गावाला मी काय सांगू?"

"कामासाठी आहे म्हणून सांग."

"कसलं काम?"

"बसायचं."

"बसायचं!" ती म्हणाली. "माझा जॅक्सन, तुझा दीर, गेला तेव्हा मी दोन वर्षं काळं नेसले. तू तेव्हा म्हणालीस, रिटा, पुरे आता, मुलं घाबरतात. आठवतं?"

आठवत नव्हतं. पण मी तसं म्हणाले असेन. मी तशीच बोलते. रिटाने नारळ पुन्हा उचलला आणि म्हणाली, पंप मी स्वतः बंद करीन, तू सांगायला येऊ नकोस.

१० मार्च

रेकॉर्डिंगची साडी काढली. माझ्या साड्या खळीच्या, कडक. हलल्या की आवाज होतो. म्हणून सॅन्टननी एक मऊ साडी ठरवून दिली होती, शेवाळी रंगाची, धुऊन धुऊन विरलेली. दर वेळी तीच. ती सुकेळ्यांच्या खोलीतल्या खुंटीवरच होती. नऊ जानेवारीला संध्याकाळी बदलून तिथे टांगली होती, धुवायची राहिली. सॅन्टनचा शर्टही त्याच खुंटीवर, तिच्यावर.

शर्ट घडी करून ठेवला. साडी धुतली नाही. वाळायला वेळ मिळाला नसता.

११ मार्च

क्रमाने लिहिते.

सकाळी फ्रीज बंद करायला गेले, तो बंदच होता. पंखे, घड्याळ, कोंबड्या. रिटाच्या घरातून आवाज नव्हता. तिने रेडिओसुद्धा लावला नव्हता. चर्चच्या दुपारच्या घंटेच्या आत संपवायचं ठरलं.

साडी नेसून बाहेर आले. कृष्णाबाईंनी बघितलं. आपल्या कपाळाची हळद बोटाने माझ्या हाताला लावली. मी चालवून घेतलं.

खुर्चीत बसले. उजव्या कोपऱ्यात शर्ली. कृष्णाबाईंनी पहिला धवला म्हटला, टेप बंद. त्यात कोणकोण देव येतात, कुणाला कुठे बसायला सांगतात, ते सगळं येतं. एकेकाला नावाने हाक. ये, बस. ये, बस. मी नऊ जानेवारीला हे ऐकलंच असणार, पण तेव्हा मनात वेगळं होतं. मासळीवाली यायची होती.

मग शर्लीने टेप सुरू केली आणि माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. कोणीतरी म्हणायला हवं होतं. मागच्या वेळी तिने म्हटलं असेल. ह्या वेळी ती म्हणेना.

मी म्हटलं, "शांतता."

शाळेतला आवाज निघाला. कृष्णाबाईंनी हात जोडले.

खोली गप्प झाली. ह्या मिनिटात मी नेहमी पुढची कामं मनात लावून घेत असे. आज लावायला गेले तर एकही काम नव्हतं. साडीला सॅन्टनच्या शर्टाचा वास होता, सोल्डरिंगचा आणि आवळ्याच्या तेलाचा. मी सरळ बघत बसले. उजव्या कोपऱ्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, ते अर्धं मिनिट पाळलं.

मिनिट अर्ध्यावर असताना माझ्याकडून आवाज झाला. मग आणखी झाला. मी पदर तोंडात धरला, तरी थांबेना. कोणत्याही मुलीने असा आवाज केला असता तर मी तिला वर्गाबाहेर उभी केली असती. मला उठता येईना. उठले असते तर खुर्ची वाजली असती.

सॅन्टननी टेप थांबवली असती. शर्लीचा हात बटणावर होता, मी बघितलं. पण कृष्णाबाईंनी खुणेची वाट बघितली नाही. त्यांनी धवला सुरू केला, माझ्या आवाजावरूनच, जणू तिथूनच सुरू करायचा असतो. मांडवाचा एकेक खांब त्या नावाने उतरवत गेल्या. आंब्याचा, उंबराचा. तोरण सोडलं. पाहुण्यांना वाटेला लावलं, देवांना वाटेला लावलं. कोणाला घाई केली नाही. शेवटच्या खांबापर्यंत मी गप्प झाले होते.

टेप थांबल्यावर शर्लीने विचारलं, "काकी, पुन्हा घेऊ या?"

कृष्णाबाई म्हणाल्या, "मी नाय परत घालायची मांडव. दोनदा उतरवला. पुरे."

"सुरुवातीचं कापता येईल," शर्ली म्हणाली.

मी म्हटलं, "केळबनमध्ये कात्री लावत नाहीत."

रिटा दारात उभी होती, माझा डबा घेऊन. कधी आली कळलं नाही. चपला काढून आली होती, बाहेर फाटकापाशीच. तिने माझ्याकडे बघितलं, साडीकडे बघितलं. डबा ओट्यावर ठेवला.

१४ मार्च

मोरितांना नव्या टेपची नक्कल गेली. त्यांचं उत्तर दोन ओळींचं. आभार. शनिवारी दुकानात सगळे उभे राहून ऐकतील.

उभं राहून कशाला, बसून ऐका, असं लिहिणार होते. राहू दिलं.

काळी साडी पुन्हा नेसून बघितली. कृष्णाबाई म्हणाल्या ते खरं होतं. पेटीत ठेवली.

१६ मार्च

रविवार. मिस्साहून आल्यावर फ्रीज सुरू केला. जुना आहे, बराच आवाज करतो. रिटाने कोळंबीचं लोणचं दिलं, ते आत ठेवलं.

दुपारी सुकेळ्यांची खोली झाडली. मग नऊ जानेवारीची टेप यंत्रावर चढवली. शर्लीने चढवायला शिकवलं होतं. हेडफोन मोठे आहेत, केस दुखतात.

सॅन्टन ‘शांतता’ म्हणतात. मग काही नाही. मग डावीकडे मी. नाक वाजतं, शर्ली खोटं बोलली नव्हती. आणि उजवीकडे ते. लांब श्वास घेतात, मधे थांबतात, सोडतात. मी घेते तेव्हा ते सोडतात. असं मिनिटभर.

गाणं सुरू व्हायच्या आत टेप मागे घेतली. पुन्हा लावली.

स्वयंपाकघरातून फ्रीजचा आवाज येत होता. उठून बंद केला, आणि पुन्हा एकदा लावली.

नंतर आठवणीने सुरू केला.